तोटीवाल्यांची हाळी

सगळं झालं ते एका शिंकेमुळे. आमच्याकडे म्हणतात, एक शिंक आली तर कुणीतरी आपली स्तुती करतंय आणि दोन आल्या तर निंदा. मला एकच आली होती, हे मी आधीच सांगून ठेवतो.

आमच्या तानोहारा गावातल्या काबुकी नाट्य जतन मंडळाची सभा चालू होती. मी त्या मंडळाचा सभासद वगैरे नाही. पण पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून गावातल्या प्रत्येक सभेला जाऊन बसायची मला सवय लागली आहे. कचऱ्याच्या वर्गवारीची सभा, रानडुकरांची सभा, देवळाभोवतीचं गवत कापण्याची सभा. मागच्या रांगेत बसायचं, मिळेल तो चहा प्यायचा, शेवटी टाळ्या वाजवायच्या. घरात पायात पायात येण्यापेक्षा हे बरं, असं माझ्या बायकोचं मत आहे. माझंही आहे, पण ते तिच्यानंतर झालं.

त्या दिवशी विषय गंभीर होता. तोकुजिरोआजोबांनी हाळी द्यायचं सोडून दिलं होतं.

आमच्या गावचं नाटक एकच आणि ते दर शरदात देवळाच्या रंगमंचावर होतं. ओताकी नावाची नावाडीण. तिच्या नवऱ्याला कुणीतरी मारलेलं आहे. एका संध्याकाळी एक मोठा अंमलदार तिच्या होडीत बसतो आणि ऐन मधल्या धारेत तिला त्याच्या कमरेला आपल्या नवऱ्याची तंबाखूची पिशवी दिसते. ओताकी डोक्यावरची टोपली फेकते, वल्हं उगारते, एका पायावर उभी राहते, मान गोल फिरवते, डोळे तिरळे करते आणि थिजते. ती अशी थिजली, की प्रेक्षकांच्या पार मागून कुणीतरी तिचं काम करणाऱ्या नटाच्या घराण्याचं नाव घेऊन हाळी द्यायची असते. हाळी पडली की लाकडी ठोकळे वाजतात आणि मगच ओताकी हलते. शहरातल्या मोठ्या नटांच्या घराण्यांना नावं असतात. आमच्याकडे साध्या घरांनाच नावं आहेत, कारण निम्म्या गावाचं आडनाव कुवाबारा आहे आणि नाव नसेल तर पत्र कुणाचं ते पोस्टमनलाही कळणार नाही.

आणि आमच्या गावचा नियम कडक आहे. हाळी येईपर्यंत नटानं हलायचं नाही. फार वर्षांपूर्वी हाळीवाला ऐन वेळी आडोशाला गेला होता, तेव्हा आत्ताचे अध्यक्ष कुवाबारासान यांचे वडील ओताकी करत होते. ते थांबले. त्यांची मान पुढे शेवटपर्यंत डावीकडेच राहिली. त्यांच्या अंत्यसंस्काराच्या फोटोतही ते शेजारच्या फुलांकडे बघत होते.

तोकुजिरोआजोबांनी मात्र उभ्या आयुष्यात एकही हाळी चुकवली नाही. गेल्या वर्षी त्यांनी अशी काही सणसणीत हाळी दिली, की तिच्याबरोबर त्यांची कवळीही निघाली आणि दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंच्या जेवणाच्या डब्यात, लोणच्याशेजारी जाऊन बसली. बाईंनी ती धुऊन, कागदात गुंडाळून परत केली. पण आजोबांचं मन उडालं.

"आता एवढा आवाज आणायचा कुठून?" अध्यक्ष म्हणाले. सगळे गप्प झाले. आणि त्या शांततेत मला शिंक आली.

छपराच्या पत्र्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"कोण आहे ते?" अध्यक्षांनी विचारलं.

"तेराओका," मी ओशाळून म्हणालो. "माफ करा."

"तेराओकासान, पुन्हा करा बघू."

शिंक म्हणजे काही मागणीनुसार पुरवायची वस्तू नव्हे. पाणीसुद्धा आम्ही तसं कधी पुरवलं नाही. पण माझं बोलणं पुरं व्हायच्या आत टाळ्या वाजल्या आणि सवयीनं मीही वाजवल्या. बाहेर आलो तेव्हा हे घोंगडं माझ्या गळ्यात पडलेलं होतं.

घरी बायको सिंकपाशी तांदूळ धूत होती. मी बातमी दिली. तिनं नळ बंद केला.

"हाळी तुम्ही देणार?"

"हो."

"माझ्या ओताकीला?"

हे सांगायचं राहिलंच. दर वर्षी ओताकी करणारा टोफूवाला यंदा मुलाकडे ओसाकाला राहायला गेला होता आणि ती भूमिका माझ्या बायकोकडे आली होती. लग्न झालं तेव्हापासून दर शरदात ती रंगमंचामागे बसून सगळ्या नटांना चहा पाजत आली. चहा पाजता पाजता तिचं अख्खं नाटक पाठ झालं. भूमिका मिळाल्याचं कळलं त्या दिवशी तिनं आमच्या घरातली सगळी कपाटं आवरली. आनंद झाला की ती कपाटं आवरते.

"माझा डावा गुडघा ठाऊक आहे ना?" ती म्हणाली. "हाळी येईपर्यंत मी त्याच्यावर उभी असणार. आणि तुम्ही आयुष्यात एकदा तरी वेळेवर बोललात का? लग्नाचं विचारायलासुद्धा शेवटी माझ्या बाबांनाच यावं लागलं होतं."

"ते योग्य वेळेची वाट बघत होतो मी."

"गुडघा वाट बघणार नाही," ती म्हणाली आणि तिनं नळ पुन्हा सोडला.

मी खात्यात होतो तेव्हा अख्ख्या गावाचं पाणी माझ्या भरवशावर होतं. माझ्याच घरात माझ्यावर एका गुडघ्याचा भरवसा नसावा, हे मला लागलं. आता हाळी अशी देईन की गाव वर्षभर बोलेल, असं मी मनाशी ठरवलं. ते खरं झालं, हेही खरं.

पहिलं घोडं अडलं ते नावावर. हाळीत म्हणायचं काय? बायकोचं माहेर गावातलं जुनं घर, नाव कामेया. तीन अक्षरं, तोंडात खेळणारी. पण कुवाबारासान म्हणाले, "लग्न झालंय त्यांचं. तेराओकांच्या घराचंच नाव घ्यायला हवं."

"त्यांच्या घराला नाव कुठाय?" मागून कुणीतरी म्हणालं. "ते नवीन लोक आहेत."

माझे वडील रेल्वेच्या बदलीवर इथे आले, त्याला साठावर वर्षं झाली. माझा जन्म इथला. पण तानोहारात तीन पिढ्या देवळामागच्या स्मशानात गेल्याशिवाय माणूस जुना होत नाही, आणि तेवढी घाई मला नव्हती. तेव्हा मंडळानं मला घराचं नाव द्यायचं ठरवलं. दोन सभा झाल्या. मी नम्रपणे 'निर्झर' अर्थाचं काहीतरी सुचवलं. शेवटी नाव मंजूर झालं ते जागुचीया. जागुची म्हणजे नळाची तोटी. थोडक्यात, आम्ही तोटीवाले.

यावर कामेयाची मंडळी खवळली. आमच्या घरातली मुलगी रंगमंचावर उभी राहणार आणि गाव तिला तोटी म्हणून हाक मारणार? तिसरी सभा झाली. तीत पुष्कळ चहा प्यायला गेला आणि सर्वानुमते काहीही न ठरवण्याचं ठरलं. 'हाळीवाल्यानं प्रसंग पाहून योग्य ते म्हणावं.' आमच्याकडे हा निकाल फार परिपक्व समजला जातो. प्रेक्षकांत कामेयावाले डावीकडे बसणार, मंडळ उजवीकडे बसणार, आणि योग्य ते म्हणणार मी.

मग सराव. पहिल्या दिवशी मी न्हाणीघरात सुरुवात केली. दुसऱ्या मिनिटाला शेजारच्या ओगिसोबाई दारात उभ्या. त्या शाळेत संगीत शिकवायच्या. आता गावात कुणीच मुद्दाम विचारत नाही, म्हणून त्या न विचारता शिकवतात.

"तेराओकासान, तुम्ही घशातून ओरडताय. पोटातून यायला हवं."

"मला नाही जमत पोटातून."

"वा! रोज तर करता. भिंतीपलीकडून ऐकते ना मी. 'ए, चहा!' काय सुरेख लागतो तो 'चहा'. थेट बेंबीपासून. मी शाळेत मुलांना असा आवाज लावायला सांगून सांगून थकले. हाळीच्या आधी डोळे मिटायचे आणि मनात चहा आणायचा. आवाज आपोआप येईल."

इथे एक खुलासा करतो. आमच्याकडे बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नाही. लग्न झाल्यावर मी तिला 'ए' म्हणत असे, मुलगी झाल्यावर 'आई' म्हणू लागलो, आणि मुलगी नोकरीसाठी नागोयाला गेली तेव्हा परत 'ए'वर आलो. यात अनादर काही नाही. किनुए हे तिचं नाव मला उत्तम माहीत आहे. विम्याच्या कागदांवर मी ते अनेकदा लिहिलेलं आहे.

शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी जलाशयामागच्या टेकडीवर सरावाला जाऊ लागलो. मनात चहा आणायचा आणि "कामेया!" म्हणायचं, मग पुन्हा चहा आणि "जागुचीया!" ओगिसोबाईंचा उपाय गुणकारी होता. आवाज दरीत असा घुमायचा की मलाच माझा हेवा वाटायचा. चौथ्या दिवशी सकाळी मी असाच रंगात आलो असताना गावातल्या खांबांवरचे भोंगे बोलू लागले.

"तानोहारातील नागरिकांना सूचना. जलाशयामागच्या टेकडीवर अस्वलाचा आवाज ऐकू आला आहे. कृपया तिकडे जाऊ नये. मुलांनी घंटा बांधूनच शाळेत जावं."

मी घाबरलो. मनात चहा यावा म्हणून नेलेली किटली तिथेच टाकली आणि उतारावरून धावत सुटलो. वाटेत दोनदा पडलो. घरी येऊन दार लावलं, खिडक्या लावल्या, बायकोला खिडकीपासून लांब बस म्हणालो. तिनं माझ्या पँटला लागलेला चिखल बघितला, माझ्याकडे बघितलं.

"कुठे होतात तुम्ही?"

"जलाशयामागच्या टेकडीवर."

"आणि काय करत होतात?"

मग माझ्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी प्रामाणिकपणे सांगून टाकावं म्हणून मी नगरपालिकेत गेलो. वन्यप्राण्यांच्या टेबलावर मिझोए बसतो. हा पूर्वी पाणीखात्यात माझ्या हाताखाली होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं अतिशय आदरानं ऐकून घेतलं.

"सर, अस्वल दिसलं तर नोंद होते. ऐकू आलं तरी होते. पण 'अस्वल मीच होतो' याला आमच्याकडे सोय नाही."

"मग नोंद मागे घे."

"अस्वल मागे घेता येत नाही, सर. ते काही दिवस दिसलं-ऐकू आलं नाही, की आपोआप रद्द होतं. तेवढे दिवस आपण जरा..." तो शब्द शोधू लागला. "जरा नसावं."

वर त्यानं मला धीर दिला, की प्रकरण योग्य हातांत आहे. कुणीतरी तो आवाज मोबाइलवर टिपला होता आणि तो जिल्ह्याच्या तज्ज्ञांकडे गेला होता. तज्ज्ञांचं उत्तरही आलं होतं. वयस्क नर, बहुधा दुखावलेला.

टेकडीवर मधाचा सापळा लागला. मुलं घंटा वाजवत शाळेत जाऊ लागली, माझ्या घरावरून जाताना जरा जास्तच वाजवत. ही बातमी घरातून बाहेर कशी गेली, हे मी कधी विचारलं नाही. भिंती पातळ आहेत आणि ओगिसोबाईंचे कान शाबूत आहेत.

शेवटच्या आठवड्यात मिओरी, म्हणजे आमची मुलगी, सुटी काढून आली. ती नागोयाला दातांच्या दवाखान्यात काम करते, आणि मिळालेला पगार पाच नाचऱ्या-गाणाऱ्या मुलींच्या एका संघावर उधळते. त्यांच्यातली हिरव्या झग्यातली मुलगी ही मिओरीची 'ओशी'. आपण जिला पाठीमागून पुढे ढकलतो, ती ओशी. कार्यक्रमाला हजारो लोक हातात दिव्याच्या कांड्या घेऊन उभे राहतात आणि गाण्यातल्या ठरलेल्या जागी ठरलेलं ओरडतात. मी या सगळ्याला आजवर पोरखेळ म्हणत आलो होतो. आता तीच माझ्यासमोर हिरवी कांडी घेऊन उभी राहिली.

"दाखवा, बाबा. मी ओताकी. थिजले. हां, ओरडा!"

"कामेया की जागुचीया?"

"उशीर झाला! तेवढ्यात आईचा गुडघा गेला." तिनं कांडी माझ्या हातात कोंबली. "नावाचं काय घेऊन बसलात? आईकडे बघा. ती थिजायच्या आधी श्वास घेते, बघितलाय कधी? तो श्वास दिसला की हाळी सुचते. तुम्ही हाळी तुमच्यासाठी देताय, बाबा. ती तिच्यासाठी असते."

"म्हणजे इतक्या वर्षांत मी तुझ्या आईकडे बघितलं नाही, असं म्हणायचंय तुला?"

"मी कुठे काय म्हणतेय?" मिओरी म्हणाली.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराआडून बघितलं. बायको हातात भाताचा डाव उगारून एका पायावर उभी होती. मान फिरली, डोळे फिरले, ती थिजली. श्वास मला दिसला. मग गुडघाही दिसला. तो थरथरत होता. तिनं ओठ घट्ट मिटले होते, दुसऱ्या हातानं सिंकची कड धरली होती आणि कुणीच हाळी देणारं नसल्यामुळे ती तशीच उभी होती, बराच वेळ. मला एकदम भीती वाटली. गाव काय म्हणेल याची भीती त्या दिवशी प्रथमच मागे पडली. मी आत जाऊन तिला बस म्हणायला हवं होतं. पण मी पुन्हा योग्य वेळेची वाट बघत राहिलो, आणि ती भात ढवळू लागली.

नाटकाचा दिवस लख्ख उजाडला. देवळाचं पटांगण चटयांनी भरलं, डबे उघडले गेले, बाटल्या फिरू लागल्या. मी सगळ्यात मागे, खांबाला टेकून उभा. शेजारी तोकुजिरोआजोबा, खबरदारी म्हणून कवळी खिशात ठेवून. अंमलदाराच्या भूमिकेत स्वतः कुवाबारासान होते. होडी निघाली. नदी म्हणून निळं कापड हलू लागलं. आणि माझी बायको बोलू लागली.

काय सांगू! घरात जी बाई "कचरा टाकलात का?" यापलीकडे आवाज चढवत नाही, तिचा आवाज शेवटच्या चटईपर्यंत खणखणत आला. लोकांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. कागदात गुंडाळलेली बक्षिसाची नाणी रंगमंचावर पडू लागली. तिला पिशवी दिसली. टोपली उडाली. वल्हं वर गेलं. श्वास मला दिसला, अगदी स्पष्ट दिसला. ती थिजली.

डावीकडून सगळे कामेयावाले वळून माझ्याकडे बघू लागले. उजवीकडून मंडळ बघू लागलं. माझ्या तोंडात 'का' आणि 'जा' एकदमच आले आणि एकमेकांना अडवून बसले. तोंड उघडं, आवाज नाही. तिचा एक डोळा अंमलदाराकडे होता. दुसरा, तिरळा केलेला, सरळ माझ्यावर होता. गुडघा हलू लागला. तोकुजिरोआजोबा बोळक्या तोंडानं काहीतरी पुटपुटत मला कोपर मारत होते. मी डोळे मिटले. ओगिसोबाईंनी सांगितल्याप्रमाणे मनात आणलं. आणि बेंबीपासून, उभ्या आयुष्यात लागला नव्हता असा सुरेख आवाज लागला.

"ए, चहा!"

निळं कापड हलायचं थांबलं. पटांगणात एवढी शांतता झाली, की कुणाच्या तरी डब्यातलं लोणचं चावल्याचा आवाज आला. जमीन दुभंगावी आणि माझ्यापुरती तरी पुरावी, असं मला वाटलं.

ओताकी मात्र हलली नाही. वल्हं तसंच उगारलेलं, पाय तसाच. फक्त तिचं तोंड उघडलं, आणि जुन्या नाटकाच्या त्या लांबवलेल्या, हेलकावणाऱ्या सुरात ती म्हणाली,

"किटली आहे ऽ चुलीवरी ऽ, हात आहेत ऽ तुमच्या पदरी ऽ, उठा धनी ऽ, आपला आपण ओता ऽ!"

"बरं," अंमलदार कुवाबारासान गांगरून म्हणाले आणि होडीत उठून उभे राहिले.

पटांगणात हशा फुटला. माणसं चटयांवर लोळली. नाण्यांचा पाऊस पडला, त्यातलं एक अंमलदाराच्या टोपाला लागलं. पण मी हसत नव्हतो, कारण ती अजून एका पायावरच उभी होती. चहा ही काही हाळी नव्हे. हाळीशिवाय ठोकळे वाजणार नव्हते आणि ठोकळ्यांशिवाय ती पाय टेकणार नव्हती; तिला मी ओळखतो. त्या हास्यकल्लोळात तिचा गुडघा पानासारखा थरथरत होता आणि ते फक्त मला दिसत होतं. तिथे कामेया नव्हतं, तोटी नव्हती, मंडळही नव्हतं.

"किनुए!" मी ओरडलो.

खट्ट, ठोकळे वाजले. तिनं पाय टेकला. आणि अंमलदाराला अशा काही जोमानं नदीत ढकललं, की कुवाबारासान अजून कंबर धरून चालतात.

नंतर अर्थातच सभा झाली. बायकोचं नुसतं नाव हाळीत चालतं का, पेयाचं नाव चालतं का, असे मुद्दे निघाले. तोकुजिरोआजोबा म्हणाले, "माझे दात चालले, मग चहा का चालू नये?" हे वडीलधाऱ्याचं बोलणं असल्यामुळे त्यापुढे कुणी गेलं नाही. तोवर मिओरीनं काढलेलं चित्रण मोबाइलवरून कुठे कुठे पोचलं होतं. आता नागोयाहून, क्योतोहून माणसं येतात, आमच्या फाटकापाशी उभं राहून फोटो काढतात, खिडकीतून किटली दिसते का बघतात. मिओरीनं आईच्या नावाचे गोल हातपंखे छापले आहेत. पुढच्या नाटकाला दिव्याच्या कांड्यांऐवजी चहाचे पेले उंचावायचे, असं या लोकांचं ठरलंय म्हणे. माझा फोटो कुणी मागत नाही. एकानं मागितला, तो शिकारी संघाचा होता.

गुडघ्याला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. तेव्हा सकाळचा चहा मी करतो. ती वर्तमानपत्र वाचत बसलेली असते. मी पेला तिच्यापुढे ठेवतो, कमरेत वाकलेला तसाच थिजतो. नियम म्हणजे नियम. हाळी येईपर्यंत हलायचं नाही. ती पान उलटते. पेला उचलते. एक घोट घेते, थोडा विचार करते. चव पसंत पडली, तर वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता, ना क्षणभर आधी ना क्षणभर नंतर, अचूक म्हणते,

"जागुचीया!"

भिंतीपलीकडून ओगिसोबाई दोन पळ्या एकमेकींवर आपटतात आणि मी सरळ होतो.

काल पाणी जरा जास्त तापून चहा कडवट झाला होता. बातम्या संपल्या, हवामान संपलं, शब्दकोडं निघालं. मी वाकलेलाच होतो.